काउंटरवरून उठल्यानंतर

एक कृष्णधवल फोटो आहे. तुम्ही तो कुठे ना कुठे पाहिला असण्याची बरीच शक्यता आहे. एका दुकानातला खाण्याचा काउंटर. समोरच्या स्टुलांवर तिघं बसलेली: एक प्राध्यापक, एक गोरी विद्यार्थिनी, एक कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. अंगावर, केसांत केचप, मस्टर्ड, साखर. मागे गोऱ्या पोरांची गर्दी, त्यातले काही चक्क हसताहेत. फोटो २८ मे १९६३चा आहे, मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरातल्या वूलवर्थ दुकानातला. फ्रेड ब्लॅकवेल या छायाचित्रकाराने काढलेला. त्यातली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी म्हणजे टूगालू कॉलेजची अ‍ॅन मूडी. वय बावीस.

अशा फोटोंची एक अडचण असते. ते इतके बोलके असतात की त्यांच्या मागचं-पुढचं विचारायचं आपल्याला सुचतच नाही. फोटोतली माणसं कायमची त्या स्टुलावर बसून राहतात. ती उठली कधी, कुठे गेली, डोक्यातलं ते सगळं धुतलं कुणी, घरच्यांना काय कळवलं, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. आपण फोटो शेअर करतो, खाली दोन शब्द धैर्याबद्दल लिहितो आणि पुढे सरकतो.

अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतल्या विद्यार्थ्यांबद्दलची दोन पुस्तकं मी गेल्या वर्षभरात लागोपाठ वाचली. एक, जॉन लुईस यांची 'मार्च' ही तीन भागांतली चित्रकादंबरी. खरं तर ते चित्रांतलं आत्मचरित्र आहे. दुसरं, याच अ‍ॅन मूडीचं 'कमिंग ऑफ एज इन मिसिसिपी'. दोघं एकाच वर्षी जन्मली, १९४०मध्ये. दोघंही दक्षिणेत, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या गरीब कुटुंबांत. दोघंही कॉलेजात असताना काउंटरवर जाऊन बसली आणि दोघांनीही मार खाल्ला. पण मूडीचं पुस्तक आलं १९६८मध्ये, ती अठ्ठावीस वर्षांची असताना. लुईस यांचा पहिला भाग आला २०१३मध्ये, त्यांच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. मधल्या पंचेचाळीस वर्षांनी या दोन पुस्तकांचा स्वभाव ठरवला आहे. मला वाटतं, यातलं एकच वाचणाऱ्याच्या हाती चळवळीबद्दलचं अर्धंच सत्य लागतं. कुठलं अर्धं, याबद्दल हा लेख आहे.

आधी तालीम, मग धाडस

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो इथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. या दुकानात कृष्णवर्णीयांनी साबण, वह्या, टूथपेस्ट विकत घेतलेली चालायची. बसून खाल्लेलं मात्र चालत नसे. चौघांना कॉफी मिळाली नाही आणि ते उठलेही नाहीत. पुढच्या काही आठवड्यांत हा बैठा सत्याग्रह दक्षिणेतल्या शहरा-शहरांत पसरला. १३ फेब्रुवारीला टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचे विद्यार्थी बसले, आणि त्यांच्यात धर्मशास्त्राच्या कॉलेजातला जॉन लुईस होता.

नॅशव्हिलची पोरं मात्र अचानक उठून काउंटरवर गेलेली नव्हती. ती आधीपासून एका चर्चच्या तळघरात तालीम करत होती. तालीम देणारे होते जेम्स लॉसन, आणि इथे आपल्या ओळखीचं एक गाव येतं. कोरियन युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून लॉसन यांनी तुरुंगवास भोगला होता. त्यानंतर १९५३ ते १९५६ ते नागपुरात होते, हिस्लॉप कॉलेजात. मिशनरी म्हणून आले होते, मुलांना खेळ शिकवत होते आणि गांधींचा अभ्यास करत होते. माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी वाचली तीही नागपुरात, तिथल्या वर्तमानपत्रात. परत गेल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना दक्षिणेत यायला सांगितलं. ते नॅशव्हिलला आले आणि त्यांच्या वर्गातून डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हल अशी एक अख्खी फळी बाहेर पडली.

आपल्याकडे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची चळवळ म्हटलं की आधी ब्लॅक पँथर आठवतात. ते स्वाभाविकच आहे, कारण १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव तिथूनच घेतलं गेलं. पण त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर आवळलेली मूठ येते. काउंटरवर अभ्यासाची पुस्तकं उघडून बसलेली पोरं सहसा येत नाहीत. मूठ वळण्याआधी काही वर्षं हात मुद्दाम उघडे ठेवले गेले होते, आणि ते उघडे ठेवायलाही शिकावं लागलं होतं.

'मार्च'च्या पहिल्या भागातलं सर्वांत चांगलं काय असेल, तर हे शिकणं. चित्रकार नेट पॉवेल तळघरातली ती तालीम सावकाश दाखवतो. अर्धी मुलं गोऱ्या गुंडांचं सोंग घेतात आणि उरलेल्यांना शिव्या देतात, ढकलतात, तोंडावर धूर सोडतात. मित्रच मित्राला त्या शिव्या देतो. काहींना ते झेपत नाही. मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं, अंग चोरून कसं पडायचं, डोकं कसं वाचवायचं, सगळं घोटून घेतलं जातं. हे वाचताना माझ्या मनातली धाडसाची कल्पना बदलली. धाडस छातीत असतं असं आपण समजतो. इथे ते कवायतीसारखं आहे. ते रोज करावं लागतं, चुकतं, पुन्हा करावं लागतं.

हे कॉमिकमधून सांगण्यालाही कारण आहे. १९५७ साली माँटगोमेरीच्या बहिष्कारावर एक छोटं कॉमिक निघालं होतं, किंमत दहा सेंट. अहिंसक लढा कसा द्यायचा याची माहिती त्यात होती आणि ते चळवळीत हातोहात फिरलं. लुईस यांच्या कार्यालयात काम करणाऱ्या अँड्र्यू आयडिन या तरुणाने लुईस यांच्याकडून त्याबद्दल ऐकलं आणि तुम्हीही कॉमिक लिहा म्हणून त्यांच्या मागे लागला. आयडिन 'मार्च'चा सहलेखक आहे. म्हणजे हे पुस्तक आठवणींसोबत हस्तपुस्तिका होण्याचीही इच्छा बाळगून आहे. पुढच्या पोरांनी हे वाचावं आणि बसायला शिकावं, असा त्याचा सरळ हेतू आहे. तिसऱ्या भागाला २०१६मध्ये अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, किशोर-युवा साहित्याच्या विभागात. चित्रकादंबरीला हा पुरस्कार त्याआधी कधी मिळाला नव्हता.

काळी पानं आणि शपथविधी

पॉवेल फक्त काळ्या-पांढऱ्यात काम करतो आणि काळ्याचा वापर फार विचारपूर्वक करतो. मारहाणीच्या पानांवर चौकटींच्या कडा विरघळतात, शाई पसरत जाते, अक्षरं मोठी होत होत चित्रावर चढतात. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एका खाण्याच्या दुकानाचा मॅनेजर आत बसलेल्या विद्यार्थ्यांवर किडे मारायचा धूर सोडतो आणि पान हळूहळू दिसेनासं होतं. हे शब्दांत सांगायला दोन परिच्छेद लागले असते आणि तरी श्वास कोंडला नसता.

एक सूचना जाता जाता. हे पुस्तक फोनवर वाचणार असाल तर फोन आडवा धरा. यातली काही चित्रं दोन पानांवर पसरलेली आहेत. उभ्या स्क्रीनवर ती अर्धी कापली जातात आणि त्यांचा अर्थही अर्धाच हाती येतो.

माझी तक्रार आहे ती सांगाड्याबद्दल. तिन्ही भाग २० जानेवारी २००९ या दिवसाच्या चौकटीत बसवले आहेत, बराक ओबामा यांच्या शपथविधीच्या. म्हातारे खासदार लुईस सकाळी उठतात, कार्यालयात येतात, भेटायला आलेल्यांना जुन्या गोष्टी सांगतात, समारंभाला जातात, आणि मधूनमधून आपण १९६०च्या दशकात जातो. ही चौकट कधी कधी जबरदस्त काम करते. दुसऱ्या भागात शपथविधीच्या मंचावर अरीथा फ्रँकलिन देशभक्तीचं गीत गातात, आणि त्याच सुरांखाली १९६१मध्ये माँटगोमेरीच्या बसस्थानकात फ्रीडम रायडर्सना बेदम मारलं जात असतं. गाणं आणि मार एकाच पानावर. तिथे चौकट इतिहासाला टोचते.

पण बाकी वेळा ती इतिहासाला थोपटते. कारण आपल्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतं, की हे सगळं कुठे जाऊन पोचणार आहे. प्रत्येक काठीचा वार त्या मंचाची एकेक पायरी वाटू लागतो. तिसरा भाग याला बराच विरोध करतो, हे मान्य करायला हवं. १९६४च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत झालेले तीन कार्यकर्त्यांचे खून त्यात आहेत. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना वाऱ्यावर सोडलं गेलं, तेही आहे. तो कडवटपणा लुईस लपवत नाहीत. तरी गोष्ट थांबते ६ ऑगस्ट १९६५ला, मतदान हक्क कायद्यावर सही होते तिथे.

आता कॅलेंडर थोडं पुढे सरकवून पाहा. ११ ऑगस्टला, म्हणजे पाचच दिवसांनी, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली. मे १९६६मध्ये स्निकने, म्हणजे १९६०मध्ये एला बेकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने, लुईस यांना अध्यक्षपदावरून दूर केलं आणि स्टोकली कारमायकल यांना निवडलं. ज्या पोरांनी एकत्र तालीम केली, एकत्र तुरुंग भोगला, त्यांच्यात हे झालं. त्या काळाची गोष्ट 'रन' या पुढच्या पुस्तकात आहे, पण ते आलं २०२१मध्ये, लुईस यांच्या निधनानंतर. 'मार्च' वाचून थांबणाऱ्या बहुतेकांच्या हाती सहीपर्यंतचीच गोष्ट राहते.

मूडी कुठून सुरू करते

अ‍ॅन मूडीच्या पुस्तकाचे चार भाग आहेत: बालपण, हायस्कूल, कॉलेज आणि चळवळ. चळवळ शेवटी. फोटोतला तो प्रसंग पुस्तक दोन तृतीयांश सरल्यावर येतो, तोही मोजक्या पानांत. त्याआधी काय आहे? भूक आहे. गोऱ्यांच्या घरी लहान वयात केलेली झाडलोट आणि इस्त्री आहे. सतत बाळंत होणारी, दमलेली, घाबरलेली आई आहे. १९५५मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा खून होतो तेव्हा ती त्याच्याच वयाची असते, आणि आई तिला बजावते की कामाच्या घरी काही माहीत असल्याचं दाखवू नकोस. तिथून पुढे तिला एक नवी भीती कळते. आपण काय केल्यावर मारले जाऊ हे माहीत नसण्याची भीती.

'बलुतं' आणि त्यानंतरची आत्मकथनं वाचलेल्या मराठी वाचकाला हा सूर परका वाटणार नाही. मूडीचं पुस्तक 'बलुतं'च्या दहा वर्षं आधीचं. अपमानाचा हिशोब न चढवता, न उतरवता मांडायची तीच पद्धत, आणि आपल्याच माणसांवरचा तोच राग. हा राग महत्त्वाचा आहे. मूडी गोऱ्यांवर चिडते त्याहून कधी कधी जास्त ती गप्प बसणाऱ्या कृष्णवर्णीय मास्तरांवर, पाद्र्यांवर, स्वतःच्या आईवर चिडते.

तिचं पहिलं आंदोलन काउंटरवरचं नाहीच. नॅचेझच्या ज्युनियर कॉलेजात खानावळीच्या जेवणात अळी निघते आणि ती मुलांना घेऊन जेवणावर बहिष्कार टाकते. हॉस्टेलात राहिलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. पण मला हा प्रसंग पुस्तकाची किल्ली वाटतो. मूडीच्या लेखी चळवळ ताटातून सुरू होते. तत्त्व नंतर येतं.

आणि मग जॅक्सन. तीन तासांचा तो प्रसंग ती जवळजवळ पोलीस पंचनाम्यासारखा लिहिते. कुणी काय ओतलं, कुणाला कुणी ओढलं, पोलीस बाहेर उभे राहून बघत होते. माझ्या लक्षात राहिलं ते त्यानंतरचं. अनवाणी, केसांत केचप-मस्टर्ड वाळलेलं, अशी ती केस धुवायला एका ब्यूटी पार्लरमध्ये जाते. आधीपासून नंबर लावून बसलेल्या बायका तिला पुढे जाऊ देतात. केस धुऊन होतात, आणि ते वाळेपर्यंत पार्लरवाली तिचे पायही धुते.

बस, इतकंच. मूडी त्यावर भाष्य करत नाही. पण फोटोने जे कधीच सांगितलं नसतं ते इथे आहे. काउंटरवर बसणारे फार थोडे होते. त्यांना आपला नंबर देणाऱ्या, त्यांचे पाय धुणाऱ्या बायका किती होत्या याची नोंद कुणी ठेवली नाही. चळवळ त्यांच्यावरही चालली होती. 'मार्च'च्या तिन्ही भागांत मला या तोडीचं एक पान सापडलं नाही.

याचा अर्थ 'मार्च'मध्ये बायका नाहीत असा नाही. डायान नॅश आहे आणि ठसठशीत आहे. नॅशव्हिलच्या महापौरांना पायऱ्यांवर गाठून, केवळ रंगावरून भेदभाव करणं तुम्हाला चूक वाटतं का, असं विचारणारी आणि त्यांच्याकडून होकार काढणारी तीच. १९६१मध्ये अ‍ॅनिस्टनला बस जाळली गेल्यावर फ्रीडम राइड थांबू न देणारी, मृत्युपत्रं करून निघालेल्या विद्यार्थ्यांची जबाबदारी घेणारीही तीच. पण आपण तिला कायम बाहेरून पाहतो. ती ठाम आहे, फोनवर बोलते आहे, निर्णय घेते आहे. फोन ठेवल्यावर तिला झोप लागली का? लुईस यांना ते माहीत असण्याचं कारण नाही, हे खरं. एका माणसाच्या आठवणींची ती मर्यादाच आहे. म्हणून तर दुसरं पुस्तक हवं.

झोप लागली नाही याचं उत्तर मूडीकडे आहे. कँटन या गावात मतदार नोंदणीचं काम करताना ती रात्र रात्र जागी असते, तिचं वजन उतरतं. क्लू क्लक्स क्लॅनच्या यादीत तिचा फोटो येतो. गावाकडचा शेरीफ तिच्या आईला दम देतो. आई पत्रांतून विनवते की हे सोड, तू आम्हाला मारून टाकशील. घरी जायची सोय उरत नाही. चळवळीत गेलेल्या मुलीच्या घरच्यांनी काय भोगलं, आणि तिने ते माहीत असून चालू ठेवलं तेव्हा तिच्या मनाचं काय झालं, हे इतकं उघडं लिहिलेलं मी क्वचित वाचलं आहे. इथे तिला शाबासकी द्यावी की आईच्या बाजूने रडावं हे कळत नाही. पुस्तक तुमच्यासाठी ते ठरवत नाही.

एक दिवस, दोन जागा

२८ ऑगस्ट १९६३ला वॉशिंग्टनच्या मोठ्या सभेत दोघंही होती. तेवीस वर्षांचा लुईस मंचावर. 'मार्च'मध्ये त्या दिवसाचा ताण त्याच्या भाषणावरून आहे. त्यातली जहाल वाक्यं काढा म्हणून ज्येष्ठ मंडळी दबाव आणतात, शेवटच्या क्षणापर्यंत ओढाताण चालते, आणि तो बदल करून बोलतो. मूडी खाली गर्दीत. तिला मंचावरची भाषणं कँटनच्या रात्रींपासून फार लांबची वाटतात. किंग यांच्या ज्या भाषणाचं आज जगभर पाठांतर होतं, ते ऐकतानाही ती विरघळत नाही. मंचावरून तडजोड दिसते आणि गर्दीतून अंतर दिसतं. ही दोन प्रकरणं लागोपाठ वाचा, एवढीच माझी शिफारस आहे.

मूडीच्या पुस्तकातही उणिवा आहेत. लहानपणीचे लांबलचक संवाद ती शब्दशः आठवल्यासारखे लिहिते, त्यांवर पूर्ण विश्वास ठेवणं जड जातं. चळवळीतले तिचे सोबती नावापुरते येतात आणि जातात. जोन ट्रम्पॉअर ही गोरी मुलगी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसते, पण तिच्या मनात काय चाललं असेल याचं कुतूहल पुस्तकाला नाही. सगळा प्रकाश एकाच चेहऱ्यावर आहे. त्या बाबतीत लुईस जास्त उदार आहेत. ते आपल्या पुस्तकात शेकडो लोकांना नावानिशी जागा देतात.

पण शेवटाच्या बाबतीत मी मूडीच्या बाजूने आहे. तिचं पुस्तक १९६४च्या उन्हाळ्यात संपतं. वॉशिंग्टनला साक्ष द्यायला निघालेली बस, आत सगळे चळवळीचं गाणं गाताहेत, आणि तिला त्या गाण्यातल्या भरवशाबद्दल शंका वाटते आहे. लक्षात घ्या, पुस्तक आलं १९६८मध्ये. तोवर १९६४चा नागरी हक्क कायदा झाला होता, १९६५चा मतदान हक्क कायदाही झाला होता. तिला हवा असता तर सुखाचा शेवट तयार होता, फक्त आणखी एक प्रकरण लिहायचं होतं. तिने ते लिहिलं नाही. ती शंकेवर थांबली, कारण त्या बसमध्ये बसलेल्या मुलीकडे तेव्हा शंकाच होती.

वीस-बावीसच्या वयात कुठल्याही प्रश्नासाठी रस्त्यावर उतरलेल्या मुलाला आपली गोष्ट शपथविधीपर्यंत जाणार आहे की नाही हे माहीत नसतं. बहुतेकांची जात नाही. 'मार्च' त्याला सांगतो की बसायचं कसं, पडायचं कसं, मारणाऱ्याचा द्वेष न करता उठायचं कसं. हे शिकण्यासारखं आहे, आणि लुईस स्वतः ८० वर्षांच्या आयुष्यात त्यापासून ढळले नाहीत. पण चळवळीत झोप उडाली, घरी बोलणं बंद झालं, सोबत्यांचा राग आला आणि गाणं म्हणताना घशात काही अडकलं, तर आपलंच काही चुकलं असं त्या मुलाला वाटू शकतं. मूडी त्याला सांगते की नाही, हे असंच असतं. शंका आली म्हणून ती बसमधून उतरली नव्हती.

कुठलं आधी वाचावं असं विचाराल, तर 'मार्च' आधी. ते दोन रात्रींत होतं आणि तुम्हाला काउंटरवर नेऊन बसवतं. त्यानंतर मूडी. तिला वेळ लागेल, बालपणाच्या भागात एक-दोनदा पुस्तक खाली ठेवावंसं वाटेल. ठेवा आणि पुन्हा उचला. पार्लरपर्यंत पोचा.